सळई तुटायच्या आधी काय होतं?

घर बांधताना दुकानात हमखास विचारतात, "याच्यापेक्षा कडक सळई आहे का?" जाहिरातींनीही डोक्यात तेच भरवलंय, आकडा मोठा की घर भूकंपात सेफ. साफ चुकीचं आहे हे. एफई ५०० या सळईच्या ग्रेडमधले ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तितके न्यूटन, १२ एमएमची सळई साधारण पावणेसहा टनापर्यंत ओढली तरी सोडल्यावर जवळजवळ मूळ लांबीवर येते. पण त्यापुढे ती तुटायच्या आधी किती लांबते? भूकंपात तेच कामाला येतं.

कॉलेजच्या लॅबमधे यूटीएमच्या, म्हणजे धातू ओढून तोडणाऱ्या मशीनच्या, जबड्यात माइल्ड स्टीलची सळई लावलेली मला अजून आठवते. लोड दाखवणारा काटा चढत चढत एका जागी अडखळला आणि सळईवरची काळी खपली टपटप गळायला लागली, तिथे लोखंड सैल झालं. मग लोड परत वाढला, नंतर मधेच एका जागी सळई बारीक व्हायला लागली, काटा खाली आला आणि धाडकन तुटली. तुटलेली जागा हाताला गरम, एका तुकड्याला वाटी, दुसऱ्याला शंकू.

ती बारीक जागा, तिला नेक म्हणजे मान म्हणतात, मला फार आवडते. धातू ताणला की आतल्या अणूंच्या रांगांमधले दोष, म्हणजे डिसलोकेशन, सरकतात, वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू अजून कडक होतो. सळई जिथे जरा बारीक होते तिथेच ती जास्त कडकही होते, म्हणून पुढचं लांबणं शेजारच्या भागावर जातं, मग तो बारीक आणि कडक होतो, अशी पाळी फिरत राहते आणि सगळी सळई सारखी लांबते. पण हे कडक होणं हळूहळू मंदावतं, आणि खरा स्ट्रेस, म्हणजे त्या क्षणी उरलेल्या जाडीवरचा दर चौरस मिलिमीटरचा ताण, लांबण्याबरोबर वाढायचा दर त्या स्ट्रेसइतकाच उरला की पाळी थांबते, सगळं लांबणं एकाच जागी. हा नियम फ्रेंच इंजिनिअर कॉन्सिडेरने १८८५ मधे मांडला. म्हणजे काटा खाली येतो तेव्हा धातू कमजोर झालेला नसतो, मानेतला धातू उलट सगळ्यात कडक असतो, फक्त जाडी उरलेली नसते.

नुसता ताठपणा वाढवला तर लांबणं कसं जातं ते बघा: ॲल्युमिनियममधे सिलिकॉन कार्बाइड या कडक पदार्थाचे कण मिसळले की ते ताठ होतं, पण कण स्वतः लांबत नाहीत, ते फुटतात नाहीतर धातूपासून सुटतात, आणि बऱ्याचदा मान धरायच्या आधीच तुकडा पडतो.

म्हणून सळई घेताना टेस्ट सर्टिफिकेटवर इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत सळई किती टक्के लांबली, ते बघा. एफई ५०० ला किमान १२ टक्के लागतं, ५००डी या जास्त लांबणाऱ्या ग्रेडला १६. १२ एमएमच्या सळईवर ६० मिलिमीटर अंतराने दोन खुणा करतात, तुटल्यावर तुकडे जोडून परत मोजतात, ५००डी असेल आणि ६९.६ पेक्षा कमी भरलं तर सळई नापास.