संघटना अडवली तर दाद कुठे मागायची, त्याची मागची गोष्ट

आमच्या कोकणात चार माणसं जमली की अध्यक्ष-सेक्रेटरी ठरलेच, मग ती मच्छिमार सोसायटी असो नायतर गावाचं मुंबई मंडळ. कोणी बेकायदा अडवलं तर कोर्टात जाऊ, हे पण आपण सहज बोलून जातो, पण शंभर वर्षांमागे हेच कोर्ट उलटं चालायचं.

१९२० ला मद्रासच्या गिरणीमालकांनी हायकोर्टात जाऊन युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया यांच्यावरच मनाई हुकूम आणला. म्हणजे दाद मिळाली, पण मालकाला! पुढच्याच वर्षी कामगार पुढारी ना. म. जोशी, हे आपले गोरेगावचे (रायगडातलं हो, लोकल थांबते ते नव्हे), यांनी दिल्लीच्या असेंब्लीत युनियनला संरक्षण द्या असा ठराव मांडला, आणि रखडत रखडत कामगार युनियनचा १९२६ चा कायदा आला, त्यात रजिस्ट्रारने नोंदणी नाकारली तर अपील करायची सोय झाली.

सरकारनेच बंदी घातली तर मात्र काय? १९०८ चा इंग्रजांचा कायदा होताच, सरकारने नुसतं 'बेकायदा' म्हटलं की संघटना संपली. इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५० ला घटना आली, कलम १९ ने संघटनेचा हक्क दिला आणि तो मोडला तर ३२ खाली थेट सुप्रीम कोर्ट, २२६ खाली हायकोर्ट. ३२ ला बाबासाहेबांनी (मूळ गाव आंबडवे, मंडणगड) घटनेचा आत्मा म्हटलं होतं ते उगाच नाही. अशी दाद किती कामाची ते १९५० लाच दिसलं, मद्रास सरकारने तिथल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीवर (बाबासाहेबांची मुंबईची ती नव्हे) बंदी घातली, तिचे सेक्रेटरी व्ही. जी. राव हायकोर्टात गेले, जिंकले, आणि १९५२ ला सुप्रीम कोर्टानेही सरकारचं अपील फेटाळलं. संघटनेचं म्हणणं कोर्टापुढे न येताच बंदी लागते हे वाजवी नाही, असं कोर्टाचं म्हणणं, बंदी तपासायला सरकारनेच सल्लागार मंडळ नेमलं म्हणून भागत नाही.

सहकारी संस्था हा शब्द कलम १९ मध्ये यायला मात्र २०१२ उजाडलं.

पण सोसायटीनेच तुम्हाला बाहेर ठेवलं तर? तिथे रिट (म्हणजे ३२ किंवा २२६ खालचा अर्ज) सहसा चालत नाही, सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील. आणि राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्यात एक गंमत आहे, सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिने काहीच कळवलं नाही तर तुम्ही सभासद झालातच, त्यामुळे अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.