दोन सूत की सहा एमएम?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटजवळच्या कुठल्याही प्लायच्या दुकानात ६ एमएमच्या शीटला कुणी पाव इंच म्हणतं, कुणी दोन सूत. १२ एमएम म्हणजे अर्धा इंच, १८ म्हणजे पाऊण. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ एमएम, तेव्हा दोन सूत खरे भरतात ६.३५. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी सुतारकामात सूत टिकून आहे, आणि प्लायपुरतं त्यात काही बिघडत नाही. राउटर म्हणजे फिरत्या बिटाने लाकडात खाचा मारणारं मशीन, आणि कॉलेट म्हणजे त्यात बिट आवळून धरणारी चिरलेली नळी. या कॉलेटमध्ये मात्र हेच ०.३५ एमएम जीवावर बेतू शकतं.

आमच्या शॉपमध्ये ते एकदा घडलं. ट्रिमरला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या राउटरला, पाव इंचाची कॉलेट होती आणि बिट आणलं ६ एमएम शँकचं, म्हणजे ६ एमएम जाडीच्या दांड्याचं. दुकानदार म्हणाला होता, "काका, दोन सूतच आहे, चालेल." नट आवळला, घट्टही वाटला. एमडीएफमध्ये खाच मारायला घेतली; सुरुवातीला ६ एमएम खोल होती, दोन फुटांवर पोचेपर्यंत ९ च्या आसपास गेली. भुसा वर ओढणारं पिळाचं (स्पायरल) बिट पकड ढिली मिळाली की स्वतःलाच कॉलेटमधून बाहेर ओढतं, म्हणून खाच खोल होत जाते. मशीन बंद करून पाहिलं तर शँकवर काळे वळे उमटले होते. ते वळे दिसले की समजावं, बिट आत घसरत फिरलंय. आणखी फूटभर गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

ट्रिमरची कॉलेट एकाच मापासाठी घासलेली असते. तिच्यापेक्षा बारीक शँक घातली तर कॉलेटच्या पाकळ्या तिला सगळीकडून न धरता कडेकडेनेच टेकतात. उलट, ६ च्या कॉलेटमध्ये ६.३५ ठोकून बसवू नका. पाकळ्या फाकतात आणि मग ती ६ लाही नीट धरत नाही.

सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या मोटरवर) गोष्ट थोडी वेगळी. तिथे ईआर नावाच्या प्रकारातली कॉलेट असते आणि ती आकुंचन पावण्यासाठीच बनवलेली असते. ईआर १६ च्या कॉलेटवर ७-६, म्हणजे सात ते सहा एमएम, कोरलेलं असेल तर त्यात ६ आणि ६.३५ दोन्ही बसतात. तरी ६ ची शँक ६-५ वाल्या कॉलेटमध्येच घाला, कारण पकड सगळ्यात चांगली वरच्या मापाला मिळते. ईआर ११ मध्ये ही आकुंचनाची सूट निम्मीच, सुमारे अर्धा एमएम, म्हणून पाव इंचासाठी ६.५-६ वाली घ्यावी लागते. ११, १६, २० हे आकडे बिटाचे नव्हेत, कॉलेटच्या बाहेरच्या व्यासाच्या जवळपासचे आहेत. ईआर ११ साधारण ७ एमएमपर्यंत धरते, १६ दहापर्यंत, २० तेरापर्यंत. अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ चं बिट हवं असेल तर निदान ईआर २० तरी लागतेच.

अॅडॉप्टर म्हणून जी चिरलेली बारीक नळी मिळते, ती मोठ्या कॉलेटमध्ये लहान शँक बसवण्यासाठी असते. १२.७ च्या राउटरला ६.३५ चं बिट लावायला ती चालते. पण १२ ला ६ ची नळी वेगळी आणि १२.७ ला ६.३५ ची वेगळी, यातही सूत-एमएमची गल्लत होते. नळीमुळे एक सांधा वाढतो, म्हणून बिट थोडं डगमगतं. मिनिटाला २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलवर मी ती लावत नाही, तिथे योग्य मापाची कॉलेटच घेतो.

कॉलेट आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवा, मग नट स्पिंडलवर चढवा. बिट तळाला टेकवून एक-दोन एमएम वर घ्या.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात खरेदीला जाताना व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी), जुनी कॉलेट आणि तिचा नट, तिन्ही पिशवीत टाका. दुकानात "दोन सूत" म्हणू नका. "सहा पॉइंट पस्तीस" म्हणा आणि काउंटरवरच शँक मोजा.