प्रीलोड आणि स्प्रिंगचा कडकपणा

पुढे सस्पेन्शन असलेल्या अनेक सायकलींच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुभंगी दांड्याच्या, माथ्यावर अधिक-उण्याच्या खुणा असलेली एक फिरकी असते. ती अधिककडे वळवली की आतली स्प्रिंग कडक होते, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग होती तशीच राहते. फिरकीने ती जागच्या जागी थोडी आधीच दाबली जाते, आणि या आगाऊ दाबालाच प्रीलोड म्हणतात. कडकपणा म्हणजे स्प्रिंग आणखी एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, आणि तो तारेची जाडी, वेढ्यांची संख्या व त्यांचा व्यास यांवर ठरलेला असतो.

हिशेब करून पाहिले की फरक स्पष्ट होतो. फोर्कची चाल, म्हणजे तो पूर्ण दाबला जाईपर्यंतचे अंतर, 100 मिमी आहे, स्प्रिंगला मिलिमीटरमागे 1 किलो भार लागतो आणि स्वाराच्या वजनापैकी 30 किलो पुढच्या चाकावर येतात, असे समजू. स्वार नुसता बसल्यावर फोर्क 30 मिमी खाली जाईल. या बसण्याला सॅग म्हणतात. आता 10 मिमी प्रीलोड दिला, तर सॅग 20 मिमीवर येईल, पण फोर्क तळाला टेकायला पूर्वी 100 किलो लागत होते तेथे आता 110 लागतील, म्हणजे मोठ्या खड्ड्यात तो जवळपास पूर्वीइतकाच सहज आपटेल. याउलट मिलिमीटरमागे दीड किलो घेणारी स्प्रिंग बसवली, तर सॅग तोच 20 मिमी राहील, मात्र तळाला टेकायला 150 किलो लागतील. सॅग सारखा दिसतो म्हणून दोन्ही उपाय एकच, असे मानणे येथेच चुकते.

म्हणून आधी सॅग मोजावा. फोर्कच्या चकचकीत नळीवर प्लास्टिकची टायपट्टी सैल बांधून ती खालच्या रबरी सीलला टेकवावी, नेहमीच्या कपड्यांत व पाठपिशवीसह भिंतीच्या आधाराने अलगद बसावे आणि ब्रेक न दाबता, फोर्क न हिंदकळवता उतरावे. पट्टी चालीच्या सुमारे 20 ते 25 टक्के सरकली, तर सर्वसाधारण वापराला ते ठीक आहे. सॅग मुळीच नसेल, तर चाकाला खड्ड्यात उतरायला वाव राहत नाही. चार-पाच मिलिमीटरचा फरक फिरकीने जुळतो. ती पूर्ण आवळूनही सॅग जास्तच राहत असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागेल.

स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असलेल्या फोर्कमध्ये ही फारकत उरत नाही, कारण दाब वाढवला की सुरुवातीचा जोर आणि कडकपणा दोन्ही एकत्र वाढतात. तेथे आतली जागा इतकी लहान असते की दाब शॉक-पंपाने, म्हणजे सस्पेन्शनसाठीच्या छोट्या हातपंपाने, थोडा-थोडा भरत, प्रत्येक वेळी सॅग पुन्हा मोजूनच ठरवावा.