ब्रिटनच्या बोर्डिंग शाळेतलं जेवण : पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून कोरडा खाऊ नेताना पालक बहुतेक वेळा बॅग भरेल एवढा मागतात. आमचा सल्ला उलटा आहे : सप्टेंबरपासून ऑक्टोबरमधल्या ‘हाफ-टर्म’ म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीपर्यंत सहा-सात आठवड्यांना दोन किलो पुरे. खोलीत चिवडा खाऊन पोट भरलं की मूल संध्याकाळच्या जेवणाला जात नाही, आणि नव्या शाळेत ओळखी होतात त्या त्याच टेबलावर.

जाण्याआधी तीन महिने
तिथे रात्रीचं जेवण सहाच्या सुमाराला होतं. घरीही वेळ हळूहळू अलीकडे आणा, नाहीतर तिथे जेवताना भूक नसते आणि नऊला पोटात कावळे ओरडतात. आठवड्यातून एकदा सालीसकट भाजलेला बटाटा करा : ओव्हन 200 अंशांवर, मोठ्या बटाट्याला तास-सव्वा तास. वर डब्यातले बेक्ड बीन्स. हे बीन्स गोडसर लागतात. राजम्याच्या चवीची अपेक्षा ठेवली की पहिल्याच घासाला मूल ताट सरकवतं. स्वयंपाकात मीठ कमी असतं, म्हणून मीठ-मिरपूड वरून घ्यायची सवय लावा.

विचारायचं कसं
शाकाहारी मुलांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. ‘व्हेज’ म्हणजे तिकडे नुसती भाजी. पूर्ण शब्द ‘व्हेजिटेरियन’ वापरायला शिकवा. त्यातही अंडं चालतं असंच धरतात. यॉर्कशायर पुडिंग, मेयोनीज, क्वॉर्नचे (मांसाऐवजी खातात त्या बुरशीजन्य प्रथिनाचे) बरेच पदार्थ, केक : सगळ्यांत अंडं. जेलीत बहुधा जिलेटिन, वूस्टरशायर सॉसमध्ये मासळी, ग्रेव्हीत मांसाचा रस असू शकतो. अंडं, कांदा-लसूण चालत नसेल तर प्रवेशाच्या वेळीच शाळेला लेखी कळवा; तिथे गेल्यावर मुलाने सांगणं फार उशिराचं ठरतं.

खाऊ कोणता न्यावा
अनेक शाळांत शेंगदाणा आणि सुकामेवा आवारातच चालत नाही. ज्याला तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून दाण्याची चटणी किंवा चिक्की लपवून कधीही देऊ नका. तीळ, मोहरी आणि गहूसुद्धा तिकडच्या चौदा नोंदणीकृत अ‍ॅलर्जी-घटकांत येतात, आणि आपल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. दाणे आणि तीळ टाळायचे असतील तर जवस किंवा कारळ्याची चटणी चांगली.

भारतातून ब्रिटनमध्ये मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. शंकेला जागा नको म्हणून तुपातले लाडूही आम्ही ब्रिटनसाठी देत नाही. तूप तिथल्या सुपरमार्केटात मिळतं.

मेतकुटाचा उपयोग सर्वांत जास्त. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत होणाऱ्या भाताचं 250 ग्रॅमचं पाकीट, चमचाभर लोणी आणि दोन चमचे मेतकूट : आजारी दिवसाचं जेवण झालं.

उपम्याचं मिश्रण : 60 ग्रॅमला 150 मिलिलिटर उकळतं पाणी. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतून सहा मिनिटं झाकण उघडू नये. रवा कचकचीत राहिला तर पाणी उकळतं नव्हतं असं समजा. विजेची किटली बंद होताच ओतायचं. मिश्रण किटलीत कधीच टाकू नये, तळाशी करपतं आणि किटली जप्त होते.

पहिले तीन आठवडे
पाव, चीज, चिप्स आणि थंडीमुळे कमी पाणी : बद्धकोष्ठ ठरलेलं. दिवसाला सहा ते आठ पेले पाणी (नळाचं पिण्याजोगं असतं), सकाळी पॉरिज (ओट्सची लापशी), रोज एक फळ. हिवाळ्यात ऊन कमी म्हणून तिथली आरोग्यसेवा रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व सुचवते. गोळ्या मुलाकडे न देता मेट्रनकडे (वसतिगृहात मुलांची काळजी घेणाऱ्या बाईंकडे) द्या. फोनवर रोज ‘काय जेवलास?’ विचारलं की मुलं तक्रारीच आठवून सांगतात. ‘आज जेवताना शेजारी कोण होतं?’ असं विचारा. मात्र मूल सलग जेवणं चुकवत असेल किंवा कपडे सैल झाले असतील तर सुट्टीची वाट न पाहता मेट्रनशी बोला.

ऑर्डर देताना शाळेचं अ‍ॅलर्जीचं पत्रक सोबत पाठवा. बिनदाण्याचा माल वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यांत दळतो, म्हणून आठ दिवस लागतात. पाकिटं 200 ग्रॅमची, घटक इंग्रजीत छापलेली असतात. ती फोडून डब्यात भरू नका.