रँक पुशचं हे वेड नेमकं आलं कुठून

रात्री दोनला 'एक लास्ट मॅच' म्हणत बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये क्राउन या पायरीवरून वरच्या एस पायरीला जायला धडपडणारी, म्हणजे रँक पुश करणारी पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांची झोप उडवणाऱ्या रँकच्या त्या आकड्याचं मूळ मोबाइलमध्ये नाही, बुद्धिबळात आहे.

अर्पाड एलो, जन्म हंगेरीतला, अमेरिकेत मिलवॉकीला फिजिक्सचे प्रोफेसर आणि स्वतः तगडे खेळाडू. खेळाडूची ताकद आकड्यात मांडणारी त्यांची रेटिंग पद्धत अमेरिकन बुद्धिबळ फेडरेशनने १९६० ला घेतली, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० ला. हिशोब साधा, तुमच्यापेक्षा वरच्याला हरवलं तर भरपूर पॉइंट, खालच्याला हरवलं तर चिल्लर, आणि रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्याने साधारण ७६ टक्के गुण घ्यावेत ही अपेक्षा. एलो स्वतःच म्हणायचे की हे म्हणजे पाण्यात वरखाली होणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखं आहे! म्हणजे ज्याने आकडा बनवला त्याचाच त्यावर एवढा आंधळा विश्वास नव्हता.

पुढे हेच गणित गेममध्ये आलं. लीग ऑफ लेजेंड्स या कॉम्प्युटरवरच्या टीम गेममध्ये सुरुवातीला चक्क एलोचा आकडाच दिसायचा, २०१३ ला तो लपवला आणि सगळं ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांवर आलं. आता मॅचमेकिंग, म्हणजे गेमने जोड्या लावणं, नीट चाललं की तोडीस तोड माणूस समोर येतो, म्हणजे जवळपास निम्म्या मॅच हरायच्याच, पण आपल्याला वाटतं की मी भारी आहे आणि टीममेट बेकार मिळतात, त्यालाच लोक 'एलो हेल' म्हणायला लागले. स्टारक्राफ्ट २ या युद्धाच्या गेमच्या मुख्य लॅडरवर, म्हणजे रँकच्या शिडीवर, तर टीमही नाही, एकास एक, दोष द्यायला कोणीच नाही, तिथे लोक मॅच सुरू करायचं बटण दाबायलाच घाबरायचे. 'लॅडर अँग्झायटी' हा शब्द तिथे रुळला आणि २०१३ च्या एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे गेमच्या पुढच्या भागात, रँक न लागता खेळायचा अनरँक्ड मोड आला.

बाहेरून मिळणाऱ्या बक्षिसाने खेळाची आतली गोडी कमी होते का, हा धागा मानसशास्त्रात जुना आहे. एडवर्ड डेसींनी १९७१ मध्ये कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, ज्यांना पैसे दिले ती मुलं पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोडी कमी हातात घ्यायला लागली. २००६ मध्ये रायन, रिग्बी आणि प्रिझबिल्स्की यांनी गेमर्सकडे बघितलं तर तिथे मजा जोडलेली निघाली ती आपल्याला जमतंय आणि आपल्या मर्जीने चाललंय या भावनेशी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते बीजीएमआयचं. तिथे पॉइंट फक्त किलचे, म्हणजे समोरच्याला मारण्याचे नाहीत, शेवटपर्यंत जिवंत राहण्याचे पण आहेत, मग पुश करणारा पोरगा गवतात झोपून राहतो, फाइट घेतच नाही, एम, म्हणजे नेम, सुधारायची ती तशीच राहते, आणि सीझन बदलला की टिअर, म्हणजे पायरी, खाली येतो मग परत पहिल्यापासून तेच. आणि हाच पोरगा एखाद्या स्पर्धा खेळणाऱ्या टीममध्ये घ्या म्हणून गेला की तिथे आधी विचारतात स्क्रिम्स, म्हणजे टीम-टीममधले सराव सामने, किती खेळलास.