चिऱ्याच्या जमिनीत बॉबकॅट का अडतो?

गेल्या मे महिन्यात गोव्यात धारगळला भावाच्या घरामागचं अंगण सपाट करायचं होतं. जागा अरुंद, बाजूला विहीर, आणि गडग्यातल्या वाटेतून जेसीबी आत वळणं अशक्य. म्हणून स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे बकेट असलेलं छोटं चारचाकी यंत्र बोलावलं, ज्याला सगळे सरसकट बॉबकॅट म्हणतात. चालकाने बकेट टेकवली, यंत्र पुढे रेटलं, आणि चारही चाकं जागच्या जागी फिरू लागली. तांबडी धूळ उडाली, जमिनीवर उमटला तो नखाएवढा ओरखडा. दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "भावजी, यापेक्षा पिकास बरी होती."

वहिनीचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरूनच होतं. इंजिन कितीही दणकट असलं, तरी चाकांवरचं यंत्र जमिनीला जेवढं धरून राहतं तेवढंच पुढे रेटू शकतं. तीन टन वजनाचं यंत्र कोरड्या कडक जमिनीवर ढोबळ मानानं दोन टनांचा जोर लावू शकतं. त्याहून जास्त लावायला गेलं की चाकं घसरतात. आता हा दोन टनांचा जोर कुठे पडतो ते बघा. १८० सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड धारेच्या सपाट बकेटवर तो वाटला गेला, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ११ किलो येतात. बांधकामासाठीच्या चिऱ्याची, म्हणजे कापलेल्या जांभ्या दगडाची ताकद भारतीय मानकानुसार निदान ३५ किलो असावी लागते. सपाट बकेट हरणारच! त्याच बकेटला दोन सेंटिमीटर रुंदीचे आठ दात लावले, तर तोच जोर १६ चौरस सेंटिमीटरवर येतो, म्हणजे सुमारे १२५ किलो. हिशेब ढोबळ आहे, जमीन सगळीकडे सारखी नसते. पण पिकास टोकदार का असते हे त्यातून कळतं.

हे यंत्र मुळात कठीण जमीन फोडायला जन्मलेलंच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुईस केलर या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या भावांनी १९५७ साली एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी ते बनवलं. खुराड्याच्या खांबांमधून फिरून घाण उचलायची, एवढंच त्याचं काम. तेव्हा त्याला तीनच चाकं होती. चार चाकांचं रूप १९६० साली आलं. मोकळा माल उचलायला त्याच्याइतकं चपळ यंत्र नाही. न फुटलेली जमीन त्याच्यासमोर ठेवली, तर आधी ती फोडून द्यावी लागते.

आणि आमची जमीन कसली? जांभ्याची. लाखो वर्षं पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, मागे राहिली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात अंगडीपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. वीटच ती: ताजा चिरा खाणीत सहज कापता येतो आणि हवेत सुकला की लोहाची संयुगं घट्ट बसून तो कडक होतो. घर बांधणाऱ्याला हे वरदान, खोदणाऱ्याला डोकेदुखी. माती काढून अर्धवट उघडा टाकलेला जांभा पुढच्या उन्हाळ्यात अधिक चिवट झालेला सापडतो. उघडा पडला की त्याच हंगामात काम उरकावं, असं मला वाटतं.

वरचं कवच कडक, पण खाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमाती असते. आमच्याच तालुक्यात कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्याने या मऊ जमिनीपायी बांधताना वर्षानुवर्षं छळलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये भर पावसात त्याच्या भिंतीचा काही भाग ढासळला. अंगणाचं काम त्यामानाने किरकोळ, तरी कवच फुटल्यावर बकेट एकदम खोल जाते तेव्हा सावध राहावं, विशेषतः विहिरीच्या काठाशी.

आमच्याकडे पहिल्या दिवशी चालकाने एक चूक केली, जी मी नंतर इतर ठिकाणीही पाहिली. बकेट इतकी दाबली की पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली. वजन बकेटवर गेलं, पकड गेली, दिशाही हातात राहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा चालक दाताची बकेट घेऊन आला. त्याने दात किंचित खाली झुकवले, पाच-सात सेंटिमीटर आत घुसवले आणि मग पुढे न रेटता बकेट गुंडाळून घेतली. गुंडाळताना हायड्रॉलिक सिलिंडरचा जोर लागतो, चाकांची ओढ नाही. ढेकूळ चर्रकन सुटलं. एका कोपऱ्यात निव्वळ चिरा लागला, तिथे मात्र ब्रेकर, म्हणजे दगड फोडणारा यांत्रिक हातोडा बसवावा लागला. तिथे दातांनी झगडत बसणं म्हणजे दात झिजवणं.

मग उतार. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. दीडशे चौरस मीटरच्या अंगणात ५० मिलिमीटरची एक सर पडली, तर साडेसात हजार लिटर पाणी जमतं. त्याला वाट हवी. आम्ही पन्नासाला एक धरला, म्हणजे दहा मीटरला २० सेंटिमीटर, आणि पाण्याची पारदर्शक नळी धरून खुंट्या ठोकल्या. बकेट जमिनीवर नुसती तरंगत ठेवून मागे मागे ओढत आणलं की थर गुळगुळीत बसतो. उकरलेली माती फुगते, म्हणून भराव हातभर एकदम टाकायचा नाही. वीतभर थर टाकून, पाणी शिंपडून दाबायचा.

एक गोष्ट मात्र राहून गेली. या यंत्राची चाकं वळत नाहीत. एका बाजूची पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवून ते घसटत वळतं. घसटणं सोपं व्हावं म्हणूनच पुढची-मागची चाकं इतकी जवळ असतात. ताज्या सपाट केलेल्या जमिनीवर ते जागच्या जागी फिरलं की टायर माती खरवडून बाजूला सारतात. वळायचं ते मोठ्या वाकणाने, पुढे-मागे करत. हे सांगेपर्यंत चालक विहिरीजवळ दोनदा गरकन फिरला होता. जूनच्या पहिल्या पावसात सगळं पाणी खुंट्यांनी आखलेल्या वाटेने मोरीकडे गेलं, आणि विहिरीजवळ तेवढी दोन गोल डबकी साचली.