व्हायरस काढला, संगणक अडला

चतुर्थीला आठ-दहा दिवस उरले होते आणि म्हापशातील माझ्या मावसभावाच्या छोट्या छापखान्यात आरतीसंग्रहांची कामे रात्री उशिरापर्यंत चालू होती. कुणा गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, अ‍ॅन्टिव्हायरसने तो शोधून काढून टाकला आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची सूचना दिली. त्यानंतर तो संगणक पासवर्ड घेई, क्षणभर स्वागताचा पडदा दाखवी आणि लगेच आपणहून लॉग ऑफ होऊन पुन्हा पासवर्ड मागू लागे. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या तंत्रज्ञाने दोन मिनिटे पाहून सांगितले, ‘फॉरमॅट मारावा लागेल,’ म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावे लागेल. भावाचा मला फोन आला तेव्हा त्याला खरी धास्ती होती ती त्या डिस्कवर पंधरा वर्षांत जुळवून ठेवलेल्या मजकुराची. यंत्र काय, नवे आणता आले असते.

फॉरमॅट मारावा लागला नाही. एका ओळीतले एक नाव बदलल्यावर संगणक पूर्ववत सुरू झाला. ती ओळ कोणती हे कळण्यासाठी बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत यंत्राच्या आत काय घडते, हे आधी पाहिले पाहिजे. व्हायरस काढल्यावर संगणक न उठण्याची बहुतेक कारणे त्या अर्ध्या मिनिटातच दडलेली असतात.

वीज मिळताच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला बायोस किंवा अलीकडच्या यंत्रांतील यूईएफआय हा प्रोग्राम जागा होतो, मेमरी आणि इतर भाग तपासतो आणि डिस्क शोधतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइट्सना मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यांतील ४४६ बाइट्समध्ये पुढचा प्रोग्राम कोठे आहे ते शोधणाऱ्या सूचना असतात, ६४ बाइट्समध्ये डिस्कच्या विभागांचा तक्ता असतो आणि उरलेल्या दोन बाइट्समध्ये ओळखीची खूण. एवढ्याशा जागेतून सूत्रे विंडोजच्या बूट मॅनेजरकडे जातात, तो विंडोजचा गाभा आणि डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, मेमरीत आणतो, गाभा रजिस्ट्री ही विंडोजच्या नोंदींची वही वाचून उरलेले ड्रायव्हर आणि सेवा सुरू करतो, आणि शेवटी विनलॉगॉन हा प्रोग्राम पासवर्ड घेऊन युजरइनिट नावाच्या छोट्या फाइलला हाक मारतो. वापरणाऱ्याचा डेस्कटॉप उभा करण्याची व्यवस्था ही फाइल करते. या साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीला केवळ नावाने किंवा जागेने ओळखते, आणि त्या नावाने जो कोणी उभा असेल त्याच्या हाती कारभार सोपवते.

व्हायरस लिहिणाऱ्याला नेमके हेच हवे असते. संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी आपलाही प्रोग्राम चालावा, यासाठी तो या साखळीत स्वतःची कडी बसवतो. जत्रेच्या पालखीतील एका भोयाला कोणी बाजूला सारून त्याच्या जागी स्वतः खांदा दिला, अशी कल्पना करावी. पालखी चालत राहते, कारण खांदा भक्कम आहे, आणि म्हणूनच पाहणाऱ्यांना संशय येत नाही. पुढे तो परका माणूस ओळखला जातो, त्याला हाताला धरून बाहेर काढले जाते, पण मूळ भोयाला परत बोलावण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. पालखी खाली येते ती त्या क्षणी. अ‍ॅन्टिव्हायरसने काम चोख केले आणि तरीही संगणक अडला, या वरवर विसंगत वाटणाऱ्या घटनेचा अर्थ हा असा आहे.

ही गोष्ट संगणकीय व्हायरसांच्या जन्मापासूनची आहे. १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला प्रसिद्ध व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना प्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात, स्वतः बसत असे आणि मूळ सेक्टर दुसरीकडे हलवून ती जागा खराब असल्याची खूण करून ठेवत असे. आपले काम झाले की तो मूळ सेक्टरला चालवी, त्यामुळे फ्लॉपी नेहमीसारखी सुरू होई. १९९० च्या दशकातील ‘मंकी’ या व्हायरसने तर आणखी पुढची मजल गाठली. तो मूळ मास्टर बूट रेकॉर्ड सांकेतिक रूपात दुसऱ्या सेक्टरमध्ये ठेवी आणि स्वतःच्या प्रतीत विभागांचा तक्ताच ठेवत नसे. व्हायरस मेमरीत असेपर्यंत तो विचारणाऱ्याला मूळ तक्ता उलगडून दाखवी आणि सारे सुरळीत चाले, पण स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की डिस्कच दिसेनाशी होई. त्या काळात बूट रेकॉर्ड पुन्हा लिहिणारी ‘एफडिस्क एमबीआर’ ही आज्ञा रामबाण समजली जात असे. मंकीने ग्रासलेल्या डिस्कवर ती दिली की व्हायरसच्या सूचना पुसल्या जात, पण तक्ता परत येत नसे. मूळ प्रत कोठे ठेवली आहे हे ज्याला ठाऊक आहे अशा खास साधनानेच ती परत जागेवर आणावी लागे. कोणती कडी बदलली आहे हे कळल्याशिवाय दुरुस्तीची आज्ञा देऊ नये, हे मी या एका उदाहरणावरून शिकलो, आणि आजही कोणी घाईघाईने बूट रेकॉर्ड पुन्हा लिहिणारी विंडोजची ‘बूटरेक’ आज्ञा चालवू लागले की त्याला थांबवतो.

अलीकडचे व्हायरस बहुधा पुढच्या कड्यांवर बसतात. अल्युरॉन किंवा टीडीएसएस या नावाने ओळखला जाणारा रूटकिट, म्हणजे प्रणालीच्या आत खोलवर लपून राहणारा व्हायरस, डिस्क वाचणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलमध्येच शिरत असे. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या गाभ्याचा एक सुरक्षा अद्ययावत भाग दिला आणि अनेक संगणक गंभीर बिघाड दाखवणाऱ्या निळ्या पडद्यावर येऊन अडकले. तपासाअंती असे दिसले की ती यंत्रे आधीच या रूटकिटने ग्रासलेली होती. गाभ्यातील काही जागांचे पत्ते रूटकिटने ठाम धरून ठेवले होते आणि गाभा बदलताच ते पत्ते चुकले. अशा ग्रासलेल्या ड्रायव्हरची फाइल अ‍ॅन्टिव्हायरसने सरळ काढून टाकली, तर विंडोजला डिस्कच वाचता येत नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून ते थांबते. कधी याच्या उलट घडते, म्हणजे व्हायरसने आणलेला ड्रायव्हर फाइल म्हणून जातो, पण डिस्कच्या ड्रायव्हरांच्या यादीतील त्याचे नाव रजिस्ट्रीत तसेच राहते. जो नाही त्याची वाट पाहत विंडोज अडते.

कधी कधी दोष संरक्षण करणाऱ्याचाही असतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अ‍ॅन्टिव्हायरसच्या व्हायरस ओळखण्याच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीतील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून काढली आणि जगभरातील असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावत फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर थांबली, आणि त्या दिवशी आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय साधाच होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या भागांवर सुरू करून, ती एक फाइल पुसायची होती, पण सुरूच न होणाऱ्या यंत्रावर दुरून काही करता येत नसल्याने बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणसाला जावे लागले.

तेव्हा निदानाचा पहिला प्रश्न हाच, की साखळी कोठे तुटली. पडद्यावर उत्पादक कंपनीचे चिन्हही उमटत नसेल, तर विंडोज अजून रंगमंचावर आलेलेच नाही आणि व्हायरसला दोष देण्याआधी यंत्राकडे पाहावे. आपल्या गोव्यात हे विशेष करून सांगावे लागते. जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो, किनाऱ्याजवळ खारट वारा असतो, आणि पावसाच्या सुरुवातीला विजांच्या कडकडाटात दिवे जाण्या-येण्याचा खेळ चालतो. मेमरीच्या पट्टीवरील संपर्कबिंदूंवर पुटे चढतात. संगणकाची वीज पूर्ण तोडून, पट्टी काढून, खोडरबराने हलकेच घासून परत बसवली की कित्येक ‘मेलेली’ यंत्रे उठतात. मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी उतरली असेल, तर वीज गेल्यावर बायोसमधील नोंदी मूळ स्थितीला जातात, डिस्क हाताळण्याची पद्धत बदलते आणि वर सांगितलेला तोच ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा दिसतो. कारण वेगळे, लक्षण एकच. शिवाय व्हायरस शोधताना संपूर्ण डिस्क तासन्‌तास वाचली जाते, आणि आधीच जीर्ण झालेली डिस्क त्या श्रमाने कोलमडू शकते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर दुरुस्तीचे कोणतेही प्रयोग तत्काळ थांबवावेत.

चिन्ह उमटून काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ अशा आशयाचा संदेश आला, तर दोष बूट रेकॉर्ड किंवा बूट मॅनेजरपाशी आहे. निळा पडदा आला तर गाभा आणि ड्रायव्हर यांच्या टप्प्यावर, आणि पासवर्ड स्वीकारून लॉग ऑफ झाला किंवा काळ्या पडद्यावर नुसता बाण उरला तर अगदी शेवटच्या कडीवर. या शेवटच्या प्रकारात कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडता आला आणि त्यातून ‘एक्सप्लोरर’ चालवल्यावर डेस्कटॉप दिसला, तर निदान जवळजवळ पक्के होते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी फाइली वाचवाव्यात. हे मी आग्रहाने सांगतो, कारण विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ डिस्कवरचे काही नाहीसे झाले असा होत नाही, आणि तरीही फॉरमॅटच्या नावाखाली घराघरांतील लग्नाचे फोटो आणि दुकानादुकानांतील हिशेब पुसले जाताना मी पाहिले आहेत. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवर तयार करावी, अडलेला संगणक त्यावरून सुरू करावा आणि आपल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तेथे चालत नाही. उतरवून घेताना फोटो, मजकूर, हिशेब एवढेच घ्यावे, प्रोग्रामच्या फाइली घेऊ नयेत. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन चालू असेल, तर डिस्क उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि ती हाती आल्याशिवाय बायोसमधील कोणतीही नोंद बदलू नये.

त्यानंतर विंडोजची दुरुस्ती-व्यवस्था. विंडोज १० आणि ११ मध्ये सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की ती आपणहून पुढे येते. न आल्यास विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून तेथे पोहोचता येते. स्टार्टअप रिपेअर प्रथम चालू द्यावे, ते जमले नाही तर सिस्टिम रिस्टोरने व्हायरस काढण्यापूर्वीच्या स्थितीला जाता येते, मात्र त्या जुन्या स्थितीत व्हायरसही असू शकतो हे ध्यानात ठेवून नंतर पुन्हा तपासणी करावी. विंडोजच्या हरवलेल्या फाइली ‘एसएफसी’ ही आज्ञा परत आणते. येथे एक बारीकशी अडचण हमखास फसवते, ती अशी की दुरुस्ती-व्यवस्थेत सी ड्राइव्हला पुष्कळदा डी किंवा ई हे अक्षर मिळालेले असते, आणि ते न पाहता दिलेली आज्ञा भलत्याच विभागावर चालते. बूट रेकॉर्ड नव्याने लिहिणे हा उपाय केवळ जुन्या पद्धतीच्या डिस्कवर आणि तोही ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ हा संदेश दिसत असेल तरच करावा.

छापखान्यातला संगणक विंडोज ७ चा होता आणि दोष शेवटच्या कडीत होता. रजिस्ट्रीत विनलॉगॉनच्या नोंदीखाली ‘युजरइनिट’ नावाची एक ओळ असते. तीत त्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो आणि पत्त्याच्या शेवटी एक स्वल्पविराम, कारण त्यापुढे आणखी प्रोग्रामांची नावे लिहिण्याची सोय विंडोजने ठेवली आहे. पुष्कळ व्हायरस त्या स्वल्पविरामापुढे आपले नाव जोडतात, आणि तेवढेच असते तर फाइल गेल्यावरही संगणक चालला असता. या व्हायरसने मात्र मूळ पत्ताच खोडून त्या जागी स्वतःचा लिहिला होता. अ‍ॅन्टिव्हायरसने त्याची फाइल काढली, ओळ तशीच राहिली, आणि विनलॉगॉन नसलेल्या फाइलला हाक मारून निराश होऊन प्रत्येक वेळी वापरणाऱ्याला बाहेर काढत राहिला.

आधी त्या पंधरा वर्षांच्या फाइली लिनक्सवरून बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, त्यालाच दोन तास लागले. मग विंडोजच्या डीव्हीडीवरून यंत्र सुरू करून रजिस्ट्रीची ‘सॉफ्टवेअर’ ही फाइल बाहेरून उघडली, ओळीत मूळ पत्ता लिहिला, शेवटचा स्वल्पविराम आठवणीने दिला आणि मूळ युजरइनिट फाइल आपल्या जागी आहे याची खात्री करून घेतली. संगणक सुरू झाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. इंटरनेटची तार काढूनच दुसऱ्या अ‍ॅन्टिव्हायरसने संपूर्ण तपासणी लावली, त्या संगणकावर वापरलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड भावाच्या फोनवरून बदलले, आणि सकाळी आरतीसंग्रहाची शेवटची पाने छपाईला गेली.